ध्वनिमुद्रणातला आवडता पेडल स्टील टोन स्वतःच्या वाद्यावर कसा उतरवावा

पेडल स्टील गिटार हे आडवे ठेवून वाजवायचे वाद्य: डाव्या हातातला धातूचा बार तारांवर सरकतो, आणि पायाचे पेडल व गुडघ्याचे लिव्हर तारांचे सूर बदलतात. ते वाजवणाऱ्या बहुतेकांच्या मनात कुठल्या तरी जुन्या ध्वनिमुद्रणातला एक टोन घर करून बसलेला असतो. तो आपल्या वाद्यातून यावा म्हणून ते आधी पिकअप (तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बदलतात, मग अ‍ॅम्प, मग रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा), आणि इतके करूनही तो आला नाही की वाद्यालाच दोष देतात. चूक कोणत्याही एका वस्तूत नसते, ती क्रमात असते. ज्याला आपण टोन म्हणतो त्यातला मोठा भाग तो सूर कोणत्या तारेवर व कोणत्या जागी वाजला, नखी तारेला कुठे लागली आणि पाय व्हॉल्यूम पेडलवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलवर) काय करत होता यातून आलेला असतो. यंत्रांची पाळी त्यानंतर येते. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत आणि एका टप्प्याची तपासणी झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात घालू नये.

हा लेख दहा तारांच्या ई नाइन्थ जुळणीचे (तारांच्या सुरांच्या नेहमीच्या मांडणीचे), तीन पेडल आणि गुडघ्याचे निदान चार लिव्हर असलेले वाद्य गृहीत धरतो. पेडलना नेहमीप्रमाणे ए, बी, सी अशी नावे दिली आहेत, आणि चौथी व आठवी तार ई वरून एफवर नेणाऱ्या लिव्हरला एफ लिव्हर म्हटले आहे.

१. तुकडा निवडा, पूर्ण गाणे नको

दहा ते पंधरा सेकंदांचा एकच तुकडा निवडावा. पूर्ण गाण्याचा टोन असा काही नसतो, कारण एकाच गाण्यात वादक सुरुवातीला खालच्या पट्ट्यांवर (फ्रेटवर) लांब सूर धरतो आणि मधल्या एकल वादनात वरच्या पट्ट्यांवर तुटक वाजवतो, आणि या दोन्ही ठिकाणी नाद वेगळा असतो. तुकड्यात स्टीलभोवती जितकी कमी वाद्ये असतील तितके बरे. मायकेल नेस्मिथ यांच्या १९७२ मधल्या ‘अँड द हिट्स जस्ट कीप ऑन कमिन’ या ध्वनिमुद्रिकेत नेस्मिथ यांचे गिटार आणि रेड ऱ्होड्स यांचे पेडल स्टील एवढीच वाद्ये आहेत. नखीचा आघात, तारेची आस (सूर टिकून राहणे) आणि पेडलची हालचाल वेगवेगळी ऐकायला शिकण्यासाठी मला याहून चांगली जागा सापडलेली नाही.

१९६० च्या दशकातल्या अनेक स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत वाद्ये एका बाजूला पूर्ण सरकवलेली असतात. आधी डावी बाजू एकटी ऐका, मग उजवी. स्टील एका बाजूला असेल तर तुमचे निम्मे काम तिथेच होते. ध्वनिफीत उपलब्ध असेल त्या सर्वांत चांगल्या प्रतीची घ्या, कारण अति दाबलेल्या फाइलमध्ये नखीचा आघात सर्वांत आधी बिघडतो आणि तोच आपल्याला ऐकायचा असतो.

मग तुकड्याची पट्टी, म्हणजे सुरांची उंची, तपासा. टेपच्या वेगातल्या फरकामुळे काही जुनी ध्वनिमुद्रणे ए ४४० हर्ट्‌झपेक्षा थोडी चढी किंवा उतरी असतात. अशा वेळी वाद्य हलवू नका. पेडल स्टीलमध्ये एक तार हलवली की तिच्यावरचे सर्व पेडल आणि लिव्हर पुन्हा जुळवावे लागतात. त्याऐवजी फाइलची प्रत संगणकावर तेवढी वर किंवा खाली सरकवून घ्यावी.

सावधान: काही टोन या मार्गाने येणारच नाहीत, तेव्हा निवड करतानाच ते ओळखा. पीट ड्रेक यांच्या १९६४ च्या ‘फॉरेव्हर’मधले बोलणारे स्टील नळीतून तोंडात नेलेल्या आवाजाला ओठांनी आकार देऊन केलेले आहे. ‘स्नीकी’ पीट क्लाइनो यांनी १९६९ मध्ये फ्लाइंग बरिटो ब्रदर्सबरोबर वाजवलेले स्टील आठ तारांच्या फेंडरवर बी सिक्स्थ जुळणीत आहे आणि त्यात फझचा (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या परिणामाचा) भरपूर वापर आहे. बडी एमन्स यांच्या १९६३ च्या ‘स्टील गिटार जाझ’मधली भरीव, दाट सुरावट मुख्यतः सी सिक्स्थ या दुसऱ्या जुळणीच्या जाड तारांची आहे. ई नाइन्थवर या तिघांचा पाठलाग करण्यात महिने जातात.

२. वाद्य आधी सुरात आणा

बेसूर तिकडी (एकत्र वाजणारे तीन सूर) कधीच गोड लागत नाही, आणि तिचा कर्कशपणा लोक अ‍ॅम्पच्या ट्रेबलवर ढकलतात. ट्यूनरचा काटा प्रत्येक तारेवर बरोबर मध्ये आणला की वाद्य सुरात आले, हा समज इथे चालत नाही. ई मेजरमध्ये जी शार्प हा गंधार आहे. तो ई शी पूर्ण मिळावा, त्यात थरथर राहू नये, असे वाटत असेल तर तो ट्यूनरच्या समान अंतराच्या सुरापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली असावा लागतो. काही वादक तो इतका खाली नेत नाहीत आणि मधला सूर पत्करतात. मात्र लांब धरलेल्या तिकड्यांचा जो मऊ, एकजीव नाद आपल्याला ओढून घेतो, तो बहुधा उतरवलेल्या गंधाराचा असतो.

ऑल-पुल रचनेच्या, म्हणजे सर्व बदल दांड्या ओढून होणाऱ्या, वाद्यावर जुळणीचा क्रम असा ठेवा: सर्व उघड्या तारा खुंट्यांनी जुळवा. मग ए आणि बी पेडल एकत्र दाबून पाचवी, दहावी, तिसरी आणि सहावी तार उजव्या टोकाच्या नायलॉनच्या नटांनी जुळवा. त्यानंतर सी पेडल घ्या आणि लिव्हर शेवटी. काही बदल दांड्या ढकलून होणाऱ्या पुश-पुल वाद्याची जुळणी त्याच्या स्वतःच्या पद्धतीने करावी लागते, तिथे हा क्रम लावू नका. एफ लिव्हरचा सूर एकटा जुळवणे ही फार वेळा होणारी चूक आहे. तो ए पेडल दाबलेला असताना सी शार्पचा गंधार म्हणून वापरला जातो, त्यामुळे ए पेडल दाबून, पाचव्या तारेशी मिळवूनच तो बसवावा. ट्यूनरवर तो आश्चर्य वाटावे इतका खाली दिसेल, तरी तो तिथेच राहू द्यावा.

तपासणी: चौथी तार छेडा, ट्यूनरकडे पाहा आणि ए व बी पेडल एकत्र दाबा. काटा थोडा खाली घसरला तर वाद्याची चौकट पेडलच्या ताणाखाली किंचित वाकते आहे. असे थोडेफार जवळजवळ सर्वच वाद्यांत होते, आणि म्हणूनच बरेच वादक ई किंचित चढा ठेवतात. घसरण फार असेल तर आधी वाद्याचे काम करून घ्या.

३. तोच सूर कुठे वाजला आहे ते शोधा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते अर्ध्याहून अधिक फसलेले प्रयत्न इथेच फसतात. सूर कानाने शोधून तो सापडेल त्या पहिल्या जागी वाजवला जातो, मग नाद जुळत नाही म्हणून अ‍ॅम्पची बटणे फिरू लागतात.

एक उदाहरण हातात वाद्य घेऊन करून पाहा. जी मेजरची एकच तिकडी, वरून खाली जी, डी, बी, अगदी त्याच सप्तकात तीन ठिकाणी मिळते. तिसऱ्या पट्टीवर एकही पेडल न दाबता चौथी, पाचवी आणि सहावी तार. सहाव्या पट्टीवर ए पेडल आणि एफ लिव्हर घेऊन पाचवी, सहावी आणि आठवी तार. दहाव्या पट्टीवर ए आणि बी पेडल घेऊन सहावी, आठवी आणि दहावी तार. तिन्ही ठिकाणी सूर तेच असले तरी नाद तीन वाद्यांचा वाटावा इतका बदलतो. तारेची लांबी २४ इंच, म्हणजे सुमारे ६१ सेंटिमीटर धरली, तर तिसऱ्या पट्टीवर बारच्या पुढे सुमारे ५१ सेंटिमीटर तार कंप पावते, सहाव्यावर ४३ आणि दहाव्यावर केवळ ३४. शिवाय पहिल्या जागेवर साध्या, बारीक तारा आहेत, तर शेवटच्या जागेवर आठवी व दहावी या गुंडाळलेल्या, जाड तारा आहेत. पहिली जागा उघडी, काचेसारखी स्वच्छ आणि लांब आसेची लागते, शेवटची भरीव आणि थोडी झाकलेली. हा फरक कोणत्याही इक्वलायझरने भरून निघत नाही.

मग ध्वनिमुद्रणातली जागा ओळखायची कशी? सर्वांत खात्रीची खूण सुरांच्या हालचालीत असते. तिकडीतले सर्व सूर एकाच वेळी, सारख्या अंतराने सरकत असतील तर बार सरकतो आहे. एक किंवा दोन सूर सरकत असतील आणि उरलेला जागेवर स्थिर राहत असेल तर पेडल किंवा लिव्हर चालू आहे. कोणता सूर सरकला आणि किती, हे कळले की पेडल ठरते. उघड्या जागेवर तिकडीचा पंचम पूर्ण एका स्वराने चढला तर तो ए पेडल, गंधार अर्ध्या स्वराने चढून मध्यमावर गेला तर बी पेडल, षड्ज अर्ध्या स्वराने उतरला तर ई खाली नेणारा लिव्हर. पेडल ठरले की शक्य असलेल्या जागा दोन-तीनच उरतात, आणि त्यांतून नादावरून निवड करणे सोपे जाते.

बक ओवेन्स यांच्या १९६४ मधल्या ‘टुगेदर अगेन’मध्ये टॉम ब्रमली यांनी वाजवलेले एकल वादन या अभ्यासाला फार उपयोगी आहे. त्याची लय संथ आहे आणि पेडलची हालचाल उघडी ऐकू येते. पहिल्याच दिवशी ते पूर्ण वाजवण्याचा आग्रह धरू नका. फक्त प्रत्येक मींड बारची आहे की पेडलची, एवढेच कागदावर लिहून काढा.

सावधान: वेग निम्मा करून ऐकण्याची सोय केवळ सूर आणि हालचाल शोधण्यासाठी वापरा. संथ केलेल्या आवाजात नखीचा आघात पसरतो आणि रिव्हर्ब लांबतो, त्यामुळे टोनचा निर्णय नेहमी मूळ वेगावरच घ्यावा.

तपासणी: अ‍ॅम्प बंद ठेवून तुकडा ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवा. प्रत्येक मींड त्याच वेळी सुरू होऊन त्याच वेळी संपते का? जागा चुकली असेल तर कुठे ना कुठे हात घाईने सरकवावा लागतो किंवा मींड उलट्या दिशेने होते. तसे झाले तर हा टप्पा पुन्हा करा.

४. दोन्ही हात

आधी उजवा हात घ्या. नख्या नेहमीच्या, म्हणजे अंगठ्याला प्लॅस्टिकची आणि दोन बोटांना धातूच्या. एकच सूर तीन ठिकाणी छेडून ध्वनिमुद्रित करा: पिकअपच्या अगदी जवळ, पट्ट्या संपतात तिथे, आणि त्याहून चार-पाच पट्ट्या डावीकडे. पिकअपजवळचा आवाज टोकदार येतो, डावीकडे जाल तसा तो गोल होतो. स्टीलवादक राल्फ मूनी यांचा उजळ, ठसठशीत आवाज हवा असलेल्यांनी ट्रेबल वाढवण्याआधी हात उजवीकडे सरकवून पाहावा. नखी तारेवर किती खोल जाते यानेही फरक पडतो. कमी खोल आणि ठाम आघाताने आवाज स्वच्छ येतो, तर खोल ओढलेली तार सुरुवातीला क्षणभर चढी लागते.

तार थांबवण्याची रीत हाही टोनचाच भाग आहे. तळहाताच्या कडेने थांबवलेला सूर मऊपणे मिटतो. तीच नखी परत तारेवर टेकवून थांबवलेला सूर स्पष्ट तुटतो. ध्वनिमुद्रणात दोन सुरांमधली शांतता कशी आहे ते ऐकून रीत निवडावी, सवयीवरून नव्हे.

डाव्या हातात बार सरळ आणि हलका धरावा, त्याच्या मागे उरलेली बोटे तारांवर टेकलेली असावीत. ती उचलली की बारच्या डावीकडची तार मंद गुणगुणत राहते, आणि तो गढूळपणा पुढे ध्वनिमुद्रणात फार उघड होतो. ई नाइन्थसाठी साधारण २२ मिलिमीटर जाडीचा बार नेहमीचा आहे. जास्त जड बारने आस वाढते पण चपळपणा जातो. कंप सूर जागेवर पोहोचल्यानंतर सुरू करावा. सूर गाठण्यासाठी कंपाचा आधार घेणे ही नवख्यांची सर्वांत ऐकू येणारी चूक आहे, कारण त्यात टोन आणि सूर दोन्ही धूसर होतात.

तपासणी: व्हॉल्यूम पेडल पूर्ण बाजूला काढून, केबल थेट अ‍ॅम्पला लावून तुकडा ध्वनिमुद्रित करा. मूळ तुकड्याशी आघाताचे आणि शांततेचे नाते जुळले असेल तरच पायाकडे वळा.

५. व्हॉल्यूम पेडल

व्हॉल्यूम पेडलचे मुख्य काम आस लांबवणे हे आहे. छेडताना पेडल साधारण मध्यावर असावे, आणि तारेचा आवाज ओसरू लागला की पाय तितक्याच हळू पुढे जावा, म्हणजे ऐकणाऱ्याला आवाज समतल वाटतो. पुढचा सूर छेडण्यापूर्वी पाय पुन्हा मध्यावर आलेला असला पाहिजे. या परतीच्या वेळेवर सर्वांत जास्त सराव लागतो, कारण ती उशिरा झाली तर नवा आघात मोठा धसका देतो.

प्रत्येक सूर शून्यापासून उघडणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्याने नखीचा आघात गिळला जातो आणि वाद्य व्हायोलिनसारखे फुगत राहते. क्वचित ठिकाणी तो परिणाम मुद्दाम घेतलेला असतो. नील यंग यांच्या १९७२ मधल्या ‘हार्व्हेस्ट’वर बेन कीथ यांचे लांब, विरळ सूर ऐका. तिथे सुरांची संख्या फार कमी आहे, आणि प्रत्येक सुराची सुरुवात व शेवट कसा होतो यावर सर्व काही अवलंबून आहे.

६. वाद्यापासून अ‍ॅम्पपर्यंतची वाट

स्टीलच्या एका गुंडाळीच्या पिकअपचा रोध बहुधा १६ ते २० किलोओहमच्या आसपास असतो, म्हणजे साध्या गिटारच्या तशाच पिकअपच्या दुपटीहून जास्त. अशा पिकअपचा उजळपणा लांब केबलमध्ये आणि चुकीच्या पेडलमध्ये चटकन हरवतो. व्हॉल्यूम पेडलमधला पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रोधक) ५०० किलोओहमच्या जवळचा असावा, २५० चा असेल तर वरचे सूर मंदावतात. केबल आखूड ठेवा, लांब लागत असेल तर वाद्याजवळच बफर (संकेत कमजोर होऊ न देणारे छोटे यंत्र) लावा.

तपासणी: व्हॉल्यूम पेडल पूर्ण दाबून एक सूर ध्वनिमुद्रित करा, मग ते पेडल काढून आखूड केबलने तोच सूर घ्या. दुसरा स्पष्टपणे उजळ असेल तर अ‍ॅम्पला हात न लावता आधी ही वाट दुरुस्त करा.

७. अ‍ॅम्प

इथे काम थोडेच आहे, मागचे टप्पे झाले असतील तर. स्टीलला भरपूर ताकदीचा आणि न फाटणारा अ‍ॅम्प लागतो. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या जवळ जायचे असेल तर ट्विन रिव्हर्बसारखा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घ्यावा. १९७० च्या दशकापासून पुढचा टोन हवा असेल तर पीव्ही सेशन ४०० च्या वळणाचा, १५ इंची स्पीकर असलेला ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प चालतो. सर्व बटणे मध्यावर आणि रिव्हर्ब शून्यावर ठेवून सुरुवात करा. प्रथम मधल्या कंपनपट्ट्यात ८०० हर्ट्‌झच्या आसपास थोडे कमी करा. नाकातून आल्यासारखा आवाज बहुधा तिथे असतो. त्यानंतर ट्रेबल कानाला टोचू लागेपर्यंत वाढवा आणि मग थोडा मागे घ्या. बास शेवटी लावा, तोही कमीच.

८. ध्वनिमुद्रण आणि रिव्हर्ब

माइक स्पीकरच्या कापडापासून काही सेंटिमीटरवर, शंकूच्या मध्यापासून थोडा बाजूला ठेवा. मध्यावर ठेवलेला माइक स्टीलच्या आघाताला टोकदार करतो. रिव्हर्ब कोरड्या ध्वनिमुद्रणावर नंतर चढवा, वाजवताना अंगवळणी पडू देऊ नका. ब्रायन ईनो यांच्या १९८३ च्या ‘अपोलो’मध्ये डॅनियल लान्वा यांच्या स्टीलभोवती जो विस्तीर्ण अवकाश ऐकू येतो, तिथेही आधी सूर स्थिर आणि स्वच्छ आहे. अवकाश त्याच्याभोवती बांधलेला आहे. डगमगणारा सूर लांब रिव्हर्बमध्ये झाकला जात नाही, उलट तो जितका वेळ रेंगाळतो तितका वेळ बेसूर राहतो.

रिव्हर्बचा काळ ठरवण्यासाठी मूळ तुकड्यातला असा क्षण शोधा जिथे स्टील अचानक थांबते. शेपूट किती वेळ ऐकू येते ते मोजा आणि तेवढाच काळ लावा. शेपटीत वेगवेगळे ठोके ऐकू येणारी पुनरावृत्ती असेल तर तो डिले आहे आणि तो स्वतंत्रपणे लावावा लागेल.

९. तुलना कशी करावी

दोन्ही तुकडे एकाच मोजणीच्या आवाजावर आणा. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, आणि या एका कारणाने चांगले जुळलेले टोन नाकारले जातात. दोन्ही मोनोत ऐका. आपला तुकडा एकटा ऐकून निर्णय कधीच देऊ नका. मूळ स्टील गायक, बास आणि गिटार यांच्यामध्ये बसावे म्हणून मिक्समध्ये त्याचा खालचा भाग कापलेला असतो. तोच टोन एकटा ऐकला तर पातळ लागतो, आणि तुमचा भरदार एकटा टोन मिक्समध्ये गेल्यावर गायकाच्या अंगावर येतो. म्हणून स्टील ज्या बाजूला आहे ती बाजू बंद करा, दुसऱ्या बाजूच्या वाद्यांवर आपला तुकडा चढवा आणि तसेच ऐका. दोन्ही बाजूंना स्टील असेल तर त्याच चालीचे साधे गिटार व बास स्वतः वाजवून त्यावर ऐका.

फरक अजून राहिला असेल तर तो शब्दांत लिहा आणि टप्प्यांवर उलट चाला. शेपूट वेगळी असेल तर आठवा टप्पा, मधला भाग नाकातला असेल तर सातवा, सूर ओसरण्याची रीत वेगळी असेल तर पाचवा, आघात वेगळा असेल तर चौथा, आणि सगळाच रंग वेगळा असेल तर तिसरा. तिसऱ्यावर परत यावे लागले तर अ‍ॅम्पची सर्व बटणे पुन्हा मध्यावर आणूनच परत यावे, नाहीतर नवी जागा जुन्या दुरुस्त्यांखाली ऐकली जाते आणि बरोबर जागाही चुकीची वाटते.